पाओ-चूचं नाक

तैवानमधल्या तौछेंगच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणारी दुकानं पावलोपावली आहेत, पण भाड्याच्या रबरी सुटांना वास येत नाही असं दुकान एकच होतं. त्याचं कारण मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्टुलावर बसलेलं असे. पाओ-चू मावशी. साठीला टेकलेली, ठेंगणी, हातात कोपरापर्यंत मोजे. लोक तिच्या नाकाला मानत आणि तिच्या जिभेला भीत.

त्या सुटांत लोक काय करतात ते खरं तर सांगायला नको. हिवाळ्याच्या लाटांत उतरलेला माणूस, मग तो कितीही शिकलेला असो, लघवीला बाहेर येत नाही. आत गरम वाटतं म्हणून मुद्दाम करतो आणि वर येऊन साळसूदपणे सूट परत करतो. त्यात घाम, समुद्र आणि कुबट ओल. साध्या साबणानं तो वास दोन दिवस दबतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या अंगाची ऊब लागली की पुन्हा वर येतो. पाओ-चूची पद्धत ठरलेली होती. सूट उलटा करायचा, कोमट पाण्यात वास मारणारं औषध घालून भिजवायचा, खळखळून काढायचा आणि जाड बांबूवर कमरेत दुमडून सावलीत टाकायचा. उकळतं पाणी नाही, ब्लीच नाही, ऊन तर नाहीच. ऊन म्हणजे रबराचा नाश. आणि शेवटी नाक. काखेत, मानेत आणि जिथे कुणी नाक घालणार नाही तिथे ती नाक घालायची. तिनं मान हलवली तर सूट खुंटीवर, नाहीतर परत टबात.

एवढ्यावर थांबली असती तर ती पाओ-चू कसली! तायपेईचा एखादा साहेब सूट परत द्यायला आला की ती त्याच्यादेखतच हुंगायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "काल रात्री लसूण चेपलात साहेब. आणि पाण्यात दोनदा. पहिल्यांदा थंडीनं, दुसऱ्यांदा भीतीनं." साहेब लाल व्हायचा, दुकान हसायचं. त्या हसण्यावर तिचा दिवस जायचा.

तिच्या हाताखाली सू-फेन होती. तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला मंद, कामाला चोख. एका वर्षी सू-फेनचा नवरा काओश्युंगच्या कुणा बाईबरोबर निघून गेला. आठवडाभर ती डोळे सुजवून कामाला येत होती. दुपारी सगळे डबे उघडून बसलेले असताना पाओ-चूनं तिच्या मानेशी नाक नेलं, सूट हुंगावा तशी हुंगली आणि म्हणाली, "त्या बाईला उगाच शिव्या घालताय. हिचा नवरा कुणाच्या मागे पळालाच नाही. जरा मोकळी हवा घ्यायला बाहेर पडला, तो परत आला नाही, एवढंच."

सगळे पोट धरून हसले. सू-फेनही हसली आणि तिनं डबा झाकून ठेवला. तेव्हापासून दुकानात कुणी सिगारेट ओढायला निघालं तरी "जरा हवा घेऊन येतो" म्हणायचं आणि तिरक्या डोळ्यानं सू-फेनकडे बघायचं. असं वर्षानुवर्षं चाललं. पाओ-चूला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या मते ती गंमत होती.

मग एका हिवाळ्यात पाओ-चूला ताप आला. ताप उतरला, खोकला गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. आल्याचा चहा नुसता गरम पाण्यासारखा लागला तेव्हा तिला कळलं. डॉक्टर म्हणाला, परत येईल, न येईल, सांगता येत नाही. तिनं ही गोष्ट मुलालाही सांगितली नाही. नाक गेलेली पाओ-चू म्हणजे ओले सूट पिळणारी एक म्हातारी, दुसरं काही नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं युक्ती काढली. सूट स्वतःच्या तोंडाशी धरायचा, सवयीनं डोळे मिटायचे आणि मग तो सू-फेनपुढे करायचा. "सांग बघू. इतकी वर्षं शिकवतेय, काय डोक्यात शिरलंय ते कळू दे." सू-फेनच्या नाकपुड्या आक्रसल्या की म्हणायचं, "बरोबर, टाक परत." चेहरा शांत राहिला की, "हं, टांग." एकदा एका अगदी स्वच्छ सुटावर सू-फेननं मुद्दाम नाक मुरडून बघितलं. पाओ-चूनं तो मुकाट्यानं टबात टाकला. सू-फेननं समजायचं ते समजून घेतलं आणि बाहीनं कपाळ पुसून पुढचा सूट उचलला.

वर्ष सरत आलं आणि पाओ-चूला नातू झाला.

सून काई-लिंग लोतुंगला बँकेत होती. वाईट बाई नव्हती, पण मनात एक आणि तोंडात एक असं तिला जमत नसे. सासू येऊन गेली की ती सोफ्याची खोळ धुवायला टाकायची आणि ते लपवायचीही नाही. बाळ आठवड्याचं झालं तेव्हा तिनं फोन केला.

"आई, महिना भरला की घार हाकलायला बाळाला तुम्हीच घ्या. मान तुमचाच आहे. फक्त तो वास नको."

"कसला वास?"

"दुकानाचा. तान्हं पोर आहे, आणि तायपेईहून माझ्या माहेरची येणार. वास असला तर माझी आई घेईल. आत्ताच सांगते, मग रुसून बसू नका."

"मला नाही येत तो कधी!"

"तुम्हाला सवय झालीय, आई."

त्यांच्यात महिना भरला की बाळाचं जावळ काढतात. मग आजीनं त्याला छातीशी धरून अंगणात यायचं, चिरलेल्या बांबूची कोंबड्या हाकायची काठी जमिनीवर आपटायची आणि वर बघून घारीला ओरडायचं, की जा, उंच जा, आमच्या पोराकडे बघू नकोस. घारी आता औषधालाही सापडत नाहीत. पण पाओ-चूच्या सासूनं तिच्या मुलाला, यू-चेंगला, छातीशी धरून असंच ओरडून अंगण दणाणून सोडलं होतं, आणि पोराची आई असलेली पाओ-चू तेव्हा कोपऱ्यात उभी होती. त्या दिवसापासून ती आपल्या पाळीची वाट बघत होती. तिला आयुष्यात दुसरं काही मागायचं नव्हतं. काठी तिनं स्वतःच्या हातानं चिरून ठेवली.

तीन आठवडे तिनं स्वतःला घासलं. केसांना चहाच्या बियांची पूड, अंगाला व्हिनेगर, नखांखाली ब्रश. कातडी सोलून निघाली. राहता राहिलं जांभळं रेशमी जॅकेट, आतून कापूस भरलेलं, लग्नकार्यात घालायचं. ते तिनं दुकानातच आणलं, कारण वास मारायचं औषध तिथे होतं. कोमट पाण्यात भिजवलं, खळखळून काढलं आणि कमरेत दुमडून शेडमधल्या बांबूवर टाकलं, दोन्ही बाजूंना निथळणारे सूट. सावलीत. दुसरीकडे कुठे टाकावं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. आठवडाभर पाऊस थांबला नाही. रबर जे अंगाला लावून घेत नाही ते सगळं त्या कापसानं पिऊन घेतलं. एका हुंगण्यात कळलं असतं, पण हुंगणार कोण?

आदल्या दुपारी ती जॅकेट घालून सू-फेनपुढे उभी राहिली. "सांग बघू."

"सूट कुठाय, ताई?"

"सूट नाही. मी."

सू-फेननं हात पुसले. आधी मान, मग केस, मग दोन्ही काखा, शिकवलं होतं त्याच क्रमानं. घाई केली नाही. चेहरा शांत होता.

"काही नाही," ती म्हणाली.

"नीट बघ गं. जॅकेटचा?"

"जॅकेटचंच म्हणतेय. साबणाचा येतोय. छान येतोय."

पाओ-चूचे डोळे भरून आले. तिनं सू-फेनच्या गालाला हात लावला. "गुणाची आहेस पोरी. मी बोलते, पण मनात नसतं माझ्या." सू-फेन म्हणाली, "माहीत आहे, ताई."

लोतुंगच्या घरात बाळासाठी हीटर लावलेला होता. टेबलावर तेलाचा भात, लाल रंगवलेली अंडी, तिळाच्या तेलातली कोंबडी. पाओ-चू काठी घेऊन आत आली आणि पाचेक मिनिटांत त्या उबेनं जॅकेट जागं झालं. विहीणबाई हसत दोन पावलं पुढे आल्या आणि एक पाऊल मागे गेल्या. कुणीतरी म्हणालं, "जरा खिडकी उघडता का?"

पाओ-चूला वाटलं, गप्प राहिले तर नाकाचं बिंग फुटेल. तिनं मोठ्यानं हुंगलं. "येतोय खरा! मला दारातच आला. लंगोट बदलायचा राहिलाय, नाहीतर तायपेईकरांचे बूट भिजले असतील."

कुणी हसलं नाही. यू-चेंग हळूच म्हणाला, "आई, गप्प बस ना."

"का गप्प बसू? माझं नाक खोटं बोलत नाही!"

काई-लिंग बाळाला घेऊन हातभर लांब उभी राहिली. "आई, तो तुमचाच वास आहे."

"शक्यच नाही. सू-फेननं हुंगून बघितलंय मला."

"सू-फेननं? तुम्ही का नाही बघितलंत?"

पाओ-चू टेबलाकडे वळली. यू-चेंग तिच्याकडे बघत राहिला. "आई, तुला वास येत नाही? कधीपासून?"

"अंडी छान रंगलीत," ती म्हणाली.

घार विहीणबाईंनी हाकलली. पाओ-चूची काठी त्यांनी छत्रीसारखी धरली आणि फरशीवर हलकेच टेकवत "जा हं घारीबाई, जा" म्हणाल्या. लोकांनी कौतुकानं फोनवर टिपलं. दारातून पाओ-चूच्या तोंडून निघून गेलं, "आपटा! जोरात आपटा, तशी ती जाते का!" सगळ्यांनी वळून बघितलं आणि परत फोनकडे बघितलं.

शेवटी काई-लिंगलाच दया आली. स्कूटरच्या डिकीतला पातळ पिवळा रेनकोट घेऊन ती आली. "हा वरून घाला आई, फोटोपुरतं घ्या बाळाला." यू-चेंगनं आईच्या गळ्यापर्यंत बटणं लावली, वरचं लागत नव्हतं ते ओढून लावलं. मग नातू तिच्या हातात आला. तिनं त्याच्या भादरलेल्या टाळूवर नाक ठेवलं आणि छाती भरून श्वास घेतला. काहीच नाही. अख्ख्या बेटाचं मूत ओळखलेल्या त्या नाकाला तिच्या रक्ताच्या पोराचा एक कण लागला नाही. तिनं पुन्हा घेतला. प्लास्टिक चुरचुरलं, बाळ दचकून रडायला लागलं आणि विहीणबाईंनी ते उचलून घेतलं.

परतीच्या बसमध्ये तिनं सू-फेनसाठी एकापेक्षा एक शिव्या जुळवल्या. सकाळी शेडमध्ये शिरली तर टबाशेजारी सुटांचा ढीग होता आणि आतून मालकाचा आवाज येत होता. तिनं सगळ्या शिव्या गिळल्या आणि स्टुलावर बसली.

"कसं झालं, ताई?" सू-फेननं विचारलं. "घार पळाली?"

"पळाली."

"बाळाच्या टाळूला कसा वास येतो हो? मला मूल नाही, मला काय माहीत."

पाओ-चूनं एक सूट उचलला. "दुधाचा."

"नुसता दुधाचा? तुम्ही तर लसूणही ओळखायचात, भीतीही ओळखायचात."

"दुधाचा म्हटलं ना! हा बघ, सांग बघू." तिनं सूट पुढे केला.

सू-फेननं सुटाकडे बघितलं नाही. हातमोजे काढून टबाच्या काठावर ठेवले आणि उठली.

"जरा हवा घेऊन येते, ताई," ती म्हणाली, आणि दार लोटून घेऊन गेली.

पाओ-चू तो सूट मांडीवर घेऊन बसून राहिली. टांगायचा की परत टबात टाकायचा, हे तिला ती येईपर्यंत कळणार नव्हतं.