म्हणेबाबूंचा युरोप

जन्मगाव विचारलं की ते सांगायचे, "एकोडी, म्हणे." समोरचा हसला तरी यांचा चेहरा हलत नसे. "मी तवा फारच लहान होतो ना जी. माय सांगे, तेच खरं धरून चाललो." जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याच्या शेवटी 'म्हणे' लावल्याशिवाय या माणसाचं वाक्य पूर्ण होत नसे. साहेब दौऱ्यावर गेले म्हणे. तुमसरला धान उतरलं म्हणे. भंडाऱ्यातल्या ज्या सरकारी कचेरीत ते आवक-जावकचं टेबल सांभाळत, तिथे त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना म्हणेबाबू म्हणत.

मी तेव्हा भंडाऱ्यातून एक मासिक काढत असे. काढत असे म्हणजे काय, ते कधी निघे, कधी अडके. जिल्ह्याचे दोन जिल्हे होऊन गोंदिया वेगळा झाला आणि माझे निम्मे वर्गणीदार परजिल्ह्यात गेले, त्या दिवसांतली ही गोष्ट. एका दुपारी म्हणेबाबू इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या खोलीत आले आणि टेबलावर सहा पानं ठेवली. बेल्जियममधल्या दिनां नावाच्या गावावर लेख होता. नदीकाठचं गाव, एके काळी पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं.

"तुम्ही जाऊन आलात?" मी विचारलं.

"मी नागपूरच्या पुढं गेलो नाही जी."

"मग लिहिलंत कसं?"

"इचारून."

त्यांची पद्धत अशी. नकाशात एखादं बारीक अक्षरातलं गाव हेरायचं आणि तिथल्या पोस्टमास्तरांना सुवाच्य इंग्रजीत पत्र टाकायचं. प्रश्न तीनच. तुमचा बाजार कधी भरतो? गावातले म्हातारे कुठे बसतात? पाऊस आला की लोक काय करतात? दहा पत्रांतल्या दोनांना उत्तर येई. "पॅरिसवर लिवणारे ढीगभर आहेत," ते म्हणत. "ज्या टेसनावर गाडी दोन मिनिटं थांबते, तिथं कोण उतरते? मी एकोडीचा माणूस. मले त्याचं दुःख समजते." युरोप म्हणजे थंडीत ठेवलेला भंडारा, असा त्यांचा एकूण सिद्धांत होता.

लिहीत मात्र असे की वाचताना माणूस थांबे. इटलीतल्या वेर्चेलीच्या भातशेतीवरच्या लेखात, तिथे पूर्वी बायांच्या टोळ्या रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, येत म्हणे, गात म्हणे, असं सगळं 'म्हणे'च्या काठीनं चालत आलेलं. आणि मग एकच वाक्य वेगळं: 'चिखलात वाकलेल्या बाईची पाठ तिथेही दुखली असणार. इथे मी म्हणे लिहीत नाही, कारण माझी माय रोवण्याला जात असे.' मी हे वाक्य वाचून बराच वेळ खिडकीतून बाहेर पाहत बसलो होतो. एवढी समज असलेला मी पुढे जे केलं ते कसं करू शकलो, हे मला आजही सांगता येत नाही.

दिवाळी अंकाला त्यांनी चेक देशातल्या त्रेबोन गावावर लेख दिला. तलावांचं गाव. माणसांनी शेकडो वर्षांपूर्वी खोदलेले तलाव, पाळीवर ओकची झाडं, शरदात पाणी सोडून मासे धरायचे. तिथल्या पोस्टमास्तरीणबाईंनी चार पानी पत्र पाठवलं होतं. अंक छापायला निघाला आणि ऐन वेळी भांड्यांच्या दुकानाची जाहिरात आली. जागा हवी होती. मी लाल पेन घेतलं आणि लेखातले सगळे 'म्हणे' उडवले. एक्केचाळीस निघाले. जाहिरात बसली, लेख झरझर वाचता येऊ लागला आणि मी स्वतःवर इतका खूश झालो की वर लेखकाचा परिचयही जोडला: 'युरोपच्या कानाकोपऱ्यांशी घनिष्ठ परिचय असलेले.'

अंक हातात घेऊन म्हणेबाबू आले, तेव्हा रागावलेले नव्हते. ओळींवर बोट फिरवत होते, जणू पडलेलं नाणं शोधतायत. "संपादकजी, माझे म्हणे कुठी गेले?"

"काढले. लेख बघा कसा जिवंत झाला."

"जिवंत झाला खरा. पण आता हा लेख माझा नाही राह्यला. जो तिथं जाऊन आला त्याचा झाला. तो कोण आहे जी?"

मी हसलो. चहा मागवला. ते चहा न घेता गेले.

तो कोण आहे, हाच प्रश्न दीड महिन्यानं त्यांच्या कचेरीलाही पडला. निनावी तक्रार गेली होती, सोबत माझ्या अंकाचं पान. सरकारी नोकरानं परदेशी जायला आधी परवानगी घ्यावी लागते. म्हणेबाबूंनी त्याच वर्षी जुलैत महिनाभर रजा काढली होती, एकोडीला घरच्या रोवण्यासाठी. आणि लेखात छापलं होतं: 'जुलैत तलावाचं पाणी गार असतं. पाय टाकला की अंगावर शहारा येतो.' कारणे दाखवा नोटीस आली, मग निलंबन, मग विभागीय चौकशी. निवृत्तीला सव्वा वर्ष होतं. तीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या पत्रांवर तारखेचा शिक्का नीट, सरळ मारला, त्यांच्यावर आरोप होता की ते लपूनछपून युरोपला जाऊन आले.

साक्षीदार म्हणून मीही चौकशीत बसलो होतो. चौकशी अधिकाऱ्यांनी अंक उघडला. "पाय टाकला की शहारा येतो. पाय कोणाचा?"

"पोस्टमास्तरीणबाईचा, साहेब."

"तुम्हाला कसं कळलं?"

"बाईनं लिवलं होतं. मी म्हणे लावलं होतं."

"इथे तर दिसत नाही."

म्हणेबाबूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मीच सांगितलं की ते 'म्हणे' मी काढले. साहेब म्हणाले, मूळ हस्तलिखित दाखवा. अंकांचे गठ्ठे बांधताना सुतळीनं कोपरे कापू नयेत म्हणून आम्ही जुने कागद घडी करून लावतो. हस्तलिखित त्या कामी आलं होतं. मी साकोली, तुमसर, पवनी, जिथे जिथे गठ्ठे गेले तिथे तिथे एसटीनं फिरलो. तुमसरच्या विक्रेत्याकडे एक घडी सापडली. ती मी नाकारलेल्या एका कवितेची निघाली.

अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्यानं वाट काढून दिली: हा लेख काल्पनिक आहे एवढं लिहून द्या, प्रकरण संपवतो. मी म्हणेबाबूंच्या पाया पडायचाच बाकी राहिलो. ते म्हणाले, "काल्पनिक कसा? तलाव आहेत. बाई आहे. तिनं मले खरं सांगतलं. मी वाचलो पायजे म्हणून तिले कायले खोटी पाडू?"

मग मला सुचली ती गोष्ट ऐका. मी पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापायचं ठरवलं. पान अमुक, ओळ अमुक, 'असतं' यानंतर 'म्हणे' वाचावे. अशा एक्केचाळीस नोंदी. जुना अंक पुढ्यात घेऊन, आठवून आठवून जाग्यावर एकेक 'म्हणे' परत बसवत मी दोन दिवस राबलो. टाइप करणारा पोरगा हुशार. त्याला वाटलं, संपादकांची काहीतरी चूक होतेय. त्यानं सगळीकडे सुधारून 'म्हणजे' केलं. अंक छापून, वाटून झाल्यावर मी पाहिलं. 'पाणी गार असतं म्हणजे. शहारा येतो म्हणजे.' चौकशी अधिकाऱ्यांनी ते पान दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "म्हणजे काय?"

म्हणेबाबूंनी स्वतःही प्रयत्न सोडले नव्हते. पासपोर्ट कधी काढलाच नाही, पण नाही याचा दाखला कुणी देईना. रजेत ते एकोडीला होते हे सेवापुस्तकात होतं, आणि ते जिल्ह्याच्या वाटणीत गोंदियाला गेलं होतं. गोंदियावाले म्हणत भंडाऱ्याला परत पाठवलं. शेवटी त्यांनी त्रेबोनला पत्र घातलं: मी आपल्या गावी आलो नाही, तसे प्रमाणित करावे. उत्तर कचेरीच्या पत्त्यावर आलं. आवक-जावकच्या टेबलावर आता दुसरा बसला होता. त्यानं ते 'परदेशी संपर्काचा पुरावा' म्हणून थेट फाइलला लावलं.

सुनावणीत ते वाचलं गेलं. गोल शिक्का, खाली सही, आणि इंग्रजीत तीन वाक्यं: 'हे गृहस्थ आमच्या गावी कधीही आलेले नाहीत असे मी प्रमाणित करते. याचा आम्हां सर्वांना खेद वाटतो. त्यांनी यावे, तलाव जागेवरच आहेत.' मला वाटलं, सुटलो. अधिकाऱ्यांनी कागद पालथा करून पाहिला आणि म्हणाले, "हे एका गावाचं झालं. बाकी युरोपचं काय?"

त्यानंतर ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या खोलीत येऊन बसत. जायला दुसरी जागा नव्हती. लिहा म्हटलं तर कागद सरळ करत, पेनाचं टोपण काढत आणि पुन्हा लावत. हळूहळू त्यांच्या बोलण्यात एक फरक पडला. पूर्वी न पाहिलेल्या गोष्टीला 'म्हणे' लागायचं, आता पाहिलेल्यालाही लागू लागलं. "आज सोमवार आहे म्हणे." खिडकीतून बघत, "ऊन पडलं म्हणे." एकदा मी विचारलं, जेवण झालं का? थोडा विचार करून म्हणाले, "झालं म्हणे." मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोशी विनाकारण भांडलो.

निवृत्तीचा दिवस आला. चौकशी चालू असलेल्याचा निरोप समारंभ कसा करणार? शाल नाही, नारळ नाही, भाषण नाही. मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. एका पिशवीत कपडे, दुसऱ्या पिशवीत नकाशाचं पुस्तक आणि परदेशी तिकिटांची पाकिटं. साकोलीची गाडी लागली. मी म्हटलं, "बाबूजी, चुकलं माझं." हे बोलायला मला एवढे महिने लागले होते. त्यांनी पिशवी खिडकीतून सीटवर टाकली आणि माझ्याकडे वळून अगदी हळू, खासगीतलं सांगावं तसं म्हणाले, "संपादकजी, मी युरोपले गेलो नाही, म्हणे." आणि गाडीत चढले.

वर्षभरानं चौकशी बंद झाली. दोन ओळींचा कागद: सबळ पुराव्याअभावी प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. ते गेले होते की नव्हते, हे त्यातही लिहिलेलं नव्हतं. म्हणेबाबूंनी पुन्हा एक अक्षर लिहिलं नाही. मी दर दिवाळीला कार्ड टाकायचो: लेख पाठवा, एक काना कमी करणार नाही. उत्तर येत नसे. भंडाऱ्याहून एकोडी काही सातासमुद्रापार नाही. सकाळी निघालो असतो तर दुपारच्या जेवणाला परत आलो असतो. मी गेलो नाही. एका माणसाला बसल्या जागी युरोप फिरवून आणणारा मी, मला चार वर्षांत एकोडीची गाडी सापडली नाही.

मग एके दिवशी फोन आला. "जयभीम जी. मी एकोडीवरून बोलून राह्यलो, बाबूजींचा भाचा. मामाजी गेले. परवा."

आजारी होते का, विचारलं. मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "माझ्याबद्दल काही म्हणाले का रे?"

"मी तं नागपूरले असतो जी, शेवटी नव्हतो जवळ. मामी सांगत होती. तुमच्यावर राग नव्हता त्यांचा, म्हणे."

हा लेख लिहून झाल्यावर सवयीनं मी लाल पेन घेऊन बसलो. भाच्याच्या त्या वाक्यापाशी पेन बराच वेळ थांबलं. शेवटचा एक शब्द काढला असता, तर वाक्य आटोपशीर झालं असतं, आणि मला रात्री झोप लागली असती.

पेनाला टोपण लावलं. शब्द आहे तिथेच आहे.