मार्जिनमधली खोली

शेजारच्या काकांनी घरापुढची मोकळी जागा बंद केली, तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये सकाळी दहा वाजताही ट्यूब लावावी लागायची.

आमची गल्ली रो-हाउसची. भिंतीला भिंत लागून घरं, आणि प्रत्येक घरापुढं दहाएक फुटांची फरशी घातलेली जागा. मंजूर नकाशात ती मोकळी दाखवलेली असते. सगळे तिला मार्जिन म्हणतात. मार्जिनमध्ये कुणी स्कूटर लावतं, कुणी तुळस ठेवतं, कुणी वर पत्रे टाकतं. आमच्याकडं नुसतीच फरशी होती. काकांनी मात्र चार खांबांवर पत्रे टाकून त्यांचं मार्जिन पुरतं बंद केलं. त्यांच्या आणि आमच्या मधली कमरेएवढी भिंत थेट पत्र्यापर्यंत चढवली, समोर ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली, बाजूला दार. दोन आठवड्यांत खोली उभी राहिली आणि तिच्यात त्यांच्या वडिलांची कॉट आली.

आजोबांना लकवा झाला होता. डावा हात आणि डावा पाय गेला होता. त्यांचं गाव लासूर स्टेशनच्या पलीकडं. तिथं थोरला मुलगा शेती बघायचा. पण दवाखाना शहरात, व्यायाम करून घेणारा माणूस शहरात, म्हणून काकांनी त्यांना इकडं आणलं. झोपायच्या खोल्या वर आणि जिना अरुंद. खालच्या हॉलमध्ये दोन मुलांचा अभ्यास, टीव्ही, येणारे-जाणारे. म्हणून ही खोली.

आजोबांना ती आवडली होती. उशीवरून रस्ता दिसेल अशी कॉट लावली होती. मी कॉलेजातून येताना दिसले की आतून हाक यायची.

“आली का मडम?”

“आले.”

“काय शिकविलं आज सायबानं?”

मी काहीतरी सांगायचे. मला कुणाशीही बोलायच्या आधी मनात वाक्य जुळवावं लागतं. शाळेत सगळं इंग्रजीत, घरी सगळं मराठीत, आणि मधल्या रस्त्यावर मी गप्प, अशी ती सवय लागली. आजोबांपाशी जुळवाजुळव करावी लागत नसे, कारण ते उत्तरासाठी थांबतच नसत.

“गावाकडं पडून राह्यलो असतो तर नुसतं आढं मोजलं असतं. इथं लई माणसं दिसतेत. ती बाई बघ, रोज याच वक्ताला जाती. कुठं जाती काय म्हाईत.”

“कामाला जात असतील.”

“व्हय? मला वाटलं रुसून माहेरी चालली. रोज!”

आई साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. तिचं मशीन हॉलच्या खिडकीशी होतं, कारण सकाळचं ऊन त्याच बाजूनं यायचं. भिंत चढली आणि ऊन थांबलं. ट्यूबच्या उजेडात तिला गर्द निळा दोरा आणि काळा दोरा सारखेच दिसू लागले. एका बाईंच्या निळ्या साडीला काळ्या दोऱ्यानं फॉल लागला. त्या साडी परत घेऊन आल्या आणि दारात उभ्या राहून, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, “आता चष्म्याचा नंबर वाढवा ताई, नाहीतर काम कमी करा.” त्या गेल्यावर आई तशीच शेजारी गेली. मी दारातून ऐकत होते.

“वहिनी, भिंत निदान वरची दोन फूट तरी मोकळी ठेवायची. माझ्या खिडकीत अंधार झालाय नुसता.”

“म्हाताऱ्या माणसाला वारं लागतं हो,” काकू म्हणाल्या. “थोडे दिवस.”

“थोडे म्हणजे किती?”

“ते मी कसं सांगू वहिनी? त्यांचं आयुष्य काय माझ्या हातात हाये?”

आई परत आली ती लाल होऊन. “ऐकलंस? म्हणजे मी आता त्यांच्या मरणाची वाट बघत बसायचं.” मग मशीनवरची साडी बाजूला सारून म्हणाली, “तू अर्ज लिही एक. इंग्रजीत लिही. मराठीतला अर्ज गठ्ठ्यात जातो.”

बाबांनी वर्तमानपत्र उघडलं. “मला यात ओढू नका.”

गल्लीतले इंग्रजी अर्ज मीच लिहायचे. कुणाच्या मुलाची फी-माफी, कुणाचं बँकेला पत्र. त्यांची प्रिंटही आमच्याकडंच निघायची. बाबांनी औरंगपुऱ्यातून एक जुना प्रिंटर आणला होता. तो प्रत्येक कागदाच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ ओढायचा. दोनदा दुरुस्त केला, रेघ गेली नाही. मग ती आम्हाला दिसेनाशीच झाली.

मी नाही म्हणू शकले असते का? आज वाटतं, हो. पण खरं सांगायचं तर मला ते काम आवडलं होतं. तोंडानं मला जे जमत नाही ते कागदावर जमतं. मी बांधकामाचे नियम शोधून काढले. समोरच्या सोडलेल्या जागेत छत चालू शकतं, पण ते खांबांवर हवं आणि बाजू उघड्या हव्यात; जागा बंद करून खोली करता येत नाही, असा त्यांचा अर्थ होता. मी कलमाचा क्रमांक घातला. शेवटी, शाळेच्या पुस्तकातल्या नमुन्याच्या पत्रांत असायचं तसं, कारवाई न झाल्यास वरिष्ठांकडे जावं लागेल, असं लिहिलं. खाली नाव नाही, नुसतं ‘एक रहिवासी’. आजोबांबद्दल एक शब्द लिहिला नाही. ते विषयाला धरून नव्हतं.

कॉलेजला जाताना मी तो लिफाफा महापालिकेच्या झोन ऑफिसच्या तक्रारपेटीत टाकला.

महिनाभरानं दोन माणसं टेप घेऊन आली. एकानं भिंतीपाशी टेपचं टोक धरलं, दुसरा मागं मागं सरकत कॉटपर्यंत आला.

“काय रं बाबांनो,” आजोबा म्हणाले, “तिरडीचं माप घ्यायला आले का? अजून टाइम हाये.”

टेपवाला हसला आणि मग दुसरीकडं बघायला लागला. जाताना त्यांनी सरकत्या खिडकीच्या काचेवर नोटीस चिकटवली: खोली काढा, नाहीतर लेखी उत्तर घेऊन सुनावणीला या. ती आतून आजोबांना उलटी दिसत होती. कॉलेजातून आल्यावर त्यांनी माझ्याकडून ती वाचून घेतली. मी वाचली. पूर्ण वाचली, न अडखळता.

“रझाकाराच्या टायमाला आईच्या कडेवर बसून घर सोडलं व्हतं म्या,” ते म्हणाले. “तवा निदान म्हाईत व्हतं, कुणापायी सोडतो ते.”

संध्याकाळी कंपनीतून आल्या आल्या काका आमच्याकडं आले. हातात नोटीस होती.

“बाळा, याला उत्तर द्यायचंय. आजोबांचं सगळं लिही. जिना चढता येत नाय, डॉक्टरची चिठ्ठी हाये, सगळं. तू लिहिलं म्हणजे वजन पडतं.” मग आईकडं वळून म्हणाले, “कोणी केलं असंल हो वहिनी? कुणाचं काय बिघडवलं आमी?”

आईचं मशीन थांबलं होतं. “लोकांना दुसऱ्याचं बरं बघवत नाही, भाऊजी,” ती म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

मी उत्तर लिहिलं. पहिल्या पत्रात जे जे वगळलं होतं ते सगळं या पत्रात होतं. तुलना करणं बरोबर नाही, पण हे पत्र जास्त चांगलं होतं. मी दोन प्रती काढल्या. काकांनी त्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, चुरगळू नयेत म्हणून.

सुनावणीला त्यांनी मलाही नेलं. “सायेब इंग्रजीत काय बोलला तर तू असावीस.”

साहेब इंग्रजीत काही बोलले नाहीत. वयस्कर, मऊ बोलणारा माणूस होता. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि माझं उत्तर शेवटपर्यंत वाचलं.

“तुमची अडचण मला समजते हो,” ते काकांना म्हणाले. “माझे वडील दोन वर्षं अंथरुणावर होते. पण ही तक्रार बघा. कलमासकट लिहिलीय. वर जायची भाषा आहे. उद्या मला विचारलं तर मी काय दाखवू? पत्रे राहू द्या खांबांवर, त्याला माझं काही म्हणणं नाही. भिंत आणि खिडकी तेवढी काढून घ्या.”

बोलता बोलता त्यांनी फाइलमधून तक्रारीचा कागद काढला आणि आमच्याकडं फिरवून ठेवला. शेजारी माझं उत्तर होतं.

दोन्ही कागदांच्या डाव्या कडेला, वरपासून खालपर्यंत, तीच बारीक काळी रेघ होती.

काकांना इंग्रजी वाचता येत नाही. पण मुलांचे प्रोजेक्ट, गॅसचा अर्ज, आजोबांचे दवाखान्याचे कागद, सगळं त्यांनी आमच्याकडूनच छापून नेलेलं होतं. त्यांनी एक बोट पहिल्या कागदाच्या कडेवर ठेवलं आणि रेघेवरून खाली नेलं. मग दुसऱ्या कागदाच्या. मग दोन्ही हात मांडीवर घेतले.

“ठीक हाये सायेब. काढतो.”

“मुदत वाढवून हवी असेल तर अर्ज द्या एक. देतो मी.”

“नको,” काका म्हणाले. “आता अर्ज नको.”

परतताना रिक्षात मी वाक्य जुळवत होते. आधी मराठीत, मग इंग्रजीत, मग पुन्हा मराठीत. रिक्षा बाजाराच्या गर्दीत अडकली, सुटली, पुन्हा अडकली. वेळ भरपूर होता. वाक्य झालं नाही. काकांनी गल्लीच्या तोंडाशीच रिक्षा थांबवली. उतरल्यावर, माझ्याकडं न बघता ते म्हणाले, “प्रिंटर दुरुस्त करून घ्या बाळा. कागद खराब होतेत.”

एवढंच. त्यांनी घरीही कुणाला सांगितलं नाही. हे मला काकूंच्या बोलण्यावरून कळलं. त्या दुसऱ्या दिवशी आईला सांगत होत्या, “पोरीनं लई चांगलं लिहिलं होतं म्हणे. पण तक्रार करणारा पोचलेला निघाला.”

पुढच्या रविवारी काकांनी स्वतः एक गवंडी लावून भिंत उतरवली. विटा एकेक करून काढल्या, फुटू नयेत म्हणून. दुपारपर्यंत भिंत पुन्हा कमरेवर आली आणि आमच्या हॉलमध्ये उजेड आला. आईनं त्या दिवशी ट्यूब बंद केली नाही.

पत्रे राहिले. आजोबांची कॉटही काही दिवस पत्र्याखालीच राहिली. काकांनी तिन्ही बाजूंनी हिरवी जाळी बांधली, पण थंडीचे दिवस आले होते आणि जाळीतून वारं तसंच यायचं. आजोबांना खोकला धरला. मग त्यांना हॉलमध्ये खाली गादीवर झोपवलं. तिथून टीव्ही दिसायचा आणि माणसांचे पाय. मुलांना परीक्षा होती. आजोबांच्या खोकल्यानं मुलं चिडायची, आणि मुलं चिडली की काकू रडायच्या. तीन आठवड्यांनी थोरला मुलगा गावाहून जीप घेऊन आला.

त्यांना खुर्चीसकट उचलून बाहेर आणलं. एका बाजूनं थोरला, एका बाजूनं काका. मी आमच्या गेटपाशी उभी होते. आत जायला हवं होतं, पण त्यांनी मला पाहिलं होतं.

“मडम,” आजोबा म्हणाले. आवाज बसला होता. “ह्यो सांगत व्हता, तू लई भांडलीस म्हणं माझ्यासाठी. कागदावर.”

काका त्यांचा निकामी पाय जीपमध्ये ठेवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“लई माणसं बघितली इथून,” आजोबा म्हणाले. “आता जाऊन आढं मोजायचं.”

मी हात जोडले. मला तेवढंच करता आलं.

उन्हाळ्यात ते गेले. काका तेरावं उरकून डोक्याचे केस काढलेले असे परत आले, तेव्हा आईनं पिठलं-भाकरी केली आणि डबा माझ्या हातात दिला. “तू जा,” ती म्हणाली. दार काकांनीच उघडलं. त्या वेळी माझं वाक्य तयार होतं. कितीतरी महिन्यांनी ते एकदाचं पूर्ण झालं होतं.

“काका, ते पहिलं पत्र—”

“आत काकू हाये,” ते हळूच म्हणाले. डबा माझ्या हातातून घेतला आणि दार लावून घेतलं.

आमच्या खिडकीतून आता त्यांचं मार्जिन पूर्ण दिसायचं. पत्रे, चार खांब, आणि फरशीवर कॉटच्या पायांचे चार गंजके ठिपके. काकू रोज फरशी धुवायच्या, ठिपके जायचे नाहीत. एका दुपारी आईनं जुन्या जाड चादरीला नेफा शिवला आणि खिडकीला पडदा लावला.

“ऊन डोळ्यांवर येतं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तिनं मशीनवर बसायच्या आधी ट्यूब लावली.