सड्यावरचा सराव

अमेरिकेतल्या एका मोठ्या वाळवंटी दरीत पाठीवर सामान घेऊन आठवडाभर चालायचं, म्हणून आमचा रत्नागिरीचा गट भर उन्हात कातळाच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या पठारावर, सराव करायचा. गटात पोस्टातल्या एक बाई होत्या. त्या नेहमी सगळ्यांच्या मागे चालत. काही विचारलं की ‘होईल हो’ एवढंच म्हणत आणि आपली सॅक कुणाला उचलू देत नसत.

एकदा आमच्यातल्या वयस्कर गुरुजींचा चेहरा लालबुंद झाला, पावलं अडखळू लागली. पण ते थांबायला तयार होईनात. बाई चटकन कातळावर बसल्या.

‘गुरुजी, माझा पाय मुरगळला. जरा बसा माझ्याजवळ.’

गुरुजी बसले. बाईंनी त्यांना पाणी पाजलं, मानेवर ओला पंचा ठेवला. मी शेजारीच होतो. पाय मुरगळलेला नव्हता.

खाली उतरल्यावर गटप्रमुख म्हणाला, ‘बाई, असा पाय घेऊन तुम्हाला नेता येणार नाही.’

वर्षभर तयारी केलेल्या बाई ‘बरं’ म्हणाल्या. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी मला नजरेनेच गप्प केलं.

गुरुजी बुटांची नाडी सोडत होते. ‘बाईंचा पाय धड आहे,’ ते म्हणाले. ‘न्यायचं नाही ते मला.’