साडभाऊंचा लाल खडा

सगळ्या बुलढाण्यात आवाजाशी उभा दावा मांडलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, नलूताईंचा, नवरा; म्हणजे माझे साडभाऊ. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण तरुणपणी मानगुटीवर बसलेलं एक संयुग काही निवृत्त झालं नाही. बोरॉन आणि कार्बनच्या अणूंचा म्हणे पिंजरा असतो. त्याचा एक कोपरा काढला की त्याचं घरटं होतं. अशी दोन घरटी तोंडाला तोंड लावून ठेवायची आणि मधे लोखंडाचा अणू बसवायचा. हे त्यांनी मला माझ्याच लग्नाच्या पंगतीत, दोन वाट्यांमधे बुंदीचा लाडू कोंबून समजावलं होतं. वाढपी तिष्ठत उभा. नलूताई म्हणाल्या, "लोखंडाले घरट्यात कोन ठेवते बाई!" पंगत हसली. साडभाऊंना त्यात विनोद सापडला नाही.

संयुग तयार होतं, पण त्याची नुसती भुकटी. आतली रचना एक्स-रेने पाहायची तर एकसंध स्फटिक लागतो. साडभाऊ त्याला खडा म्हणत. हा खडा संथ पाण्यातल्यासारखा, कुणी न हलवता वाढायला हवा. घरातली सगळ्यात थंड जागा म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीतलं कपाट. तिथे लाल द्रावाची बाटली बसली आणि घराची बोलती बंद झाली. दार आपटायचं नाही, भांडं पाडायचं नाही, शिंक आली तर अंगणात पळायचं. ओट्यावरचा मिक्सर तर कायमचा मुका. नलूताई जवसाची चटणी वाटायला डबा घेऊन आमच्याकडे यायच्या. "घरात बाळंतीण हाय ना, बाटलीतली," म्हणत मिक्सर सुरू करायच्या आणि त्या घरघरीत मला न् बायकोला मनात साठलेलं सगळं सांगून टाकायच्या. घरी कुणाशी बोलणार? साडभाऊ परगावच्या प्राध्यापकांशी फोनवर तासन्‌तास बोलत, बायकोशी मात्र हाताच्या खुणांनी.

एकदा चुंबकीय अनुस्पंदनाची, म्हणजे चुंबकात ठेवून अणूंचा आवाज ऐकायची, चाचणी करून घ्यायला ते काचेची बारीक नळी घेऊन निघाले. शेगावला रेल्वे पकडायची, तिथवर बस. मी सोबतीला. नळी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. कंडक्टरला ती विषावरची लस वाटली. कळवळून म्हणाला, "कोनाले साप चावला का, सर?"

"लोखंड हाय," साडभाऊ म्हणाले. कंडक्टरने मग शेगावपर्यंत आमच्याकडे पाहिलंच नाही.

निकाल आला तेव्हा त्यांचं तोंड उतरलं. लोखंडाचं स्वतःचंच चुंबकत्व आडवं आलं होतं. मला म्हणाले, "दूरच्या अणूंचा आवाज साफ येते, बापू. जे लोखंडाले चिकटून हायेत, त्याईचंच काही समजत नाही. आता खडाच पाह्यजे."

गेल्या उन्हाळ्यात नलूताईंनी अंथरूण धरलं. दुखणं फार दिवस अंगावर काढलं, असं डॉक्टर म्हणाले. "काऊन सांगतलं नाही?" साडभाऊंनी विचारलं. "खड्याले धक्का लागला असता ना," त्या म्हणाल्या आणि हसल्या. थट्टाच होती. आम्हांला हसता आलं नाही. पुढे महिनाभरात त्या गेल्या.

तेराव्याला बोलता बोलता नलूताईंच्या आमच्याकडच्या मिक्सरच्या गप्पांचं माझ्या तोंडून साडभाऊंपुढे निघून गेलं. पाहुणे पांगले. काही दिवसांनी साडभाऊंचा फोन आला, "खडा आला. या." फाटकातच थबकलो, कारण घरातून मिक्सरची घरघर ऐकू येत होती! आत गेलो. कपाट सताड उघडं, बाटलीच्या तळाशी डाळिंबाच्या दाण्याएवढा लालभडक खडा. इतका देखणा, की पाहून मला रडू आलं. ओट्यावर मिक्सर फिरत होता, आणि भांडं रिकामं.

"काय वाटून राह्यले, भाऊ?" मी बटणाकडे हात नेला.

"राहू द्या," ते म्हणाले. "ती तुमच्या घरी याच्या आवाजात बोलत होती म्हनता ना? काय बोलत होती, ते मले सांगा."

मी आठवेल तसं सांगू लागलो. मिक्सरमुळे ओरडावं लागत होतं, आणि आयुष्यभर आवाजाला भ्यालेला तो माणूस कानामागे हात धरून म्हणत होता, "जोरात बोला, बापू. अजून जोरात."