स्कायलॅब पडेपर्यंत

मथुराबाई आमची शेजारीण. सोलापूरच्या साखर पेठेत आमच्या दोन घरांमध्ये एक पातळ भिंत आणि भिंतीपलीकडे तिचा चरखा. नवरा गेला तेव्हा लेक बजा कडेवर होती. तेव्हापासून वीस-बावीस वर्षं ही बाई चादरीच्या कारखान्यासाठी घरी बसून कांड्या भरत होती. मागाच्या धोट्यात सुताची जी छोटी गुंडी बसते, ती कांडी. चरखा पहाटे सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत. शाळेत पोरांपुढे घसा कोरडा करून आलेल्या मास्तराला तो आवाज म्हणजे शिक्षाच. मी एकदा तक्रारही केली.

"थांबवते की गुरुजी," ती म्हणाली. "आदी पोट थांबवा."



बजाला चार वर्षांपूर्वी माळशिरसकडे दिली होती. घर खातंपितं. ऊस, सहा म्हशी, आणि चौदा माणसांत सून एकच. तिला माहेरी धाडायचा विषय निघाला की काहीतरी अडायचंच. पंचमीला म्हैस व्यायची, दिवाळीला ऊसतोड. बाळंतपणसुद्धा तिकडेच उरकलं. मथुराबाई दर सणाला स्टँडवर जाऊन उभी राहायची, एकटीच परत यायची आणि पुन्हा चरख्यावर बसायची.

बजा आली ती १९७९च्या जुलैत, स्कायलॅबच्या कृपेनं. अमेरिकेनं वर सोडलेली पंच्याहत्तर टनांची प्रयोगशाळा खाली येत होती आणि कुठं पडेल ते सोडणाऱ्यांनाही सांगता येत नव्हतं. गावंच्या गावं धास्तावली. आमच्या पेठेत लोकांनी कोंबड्या कापल्या. मरायचंच तर खाऊन मरू. आखाड होताच, निमित्त मिळालं. बजाच्या सासऱ्यानं मात्र वेगळीच अक्कल लढवली. परक्याची लेक आपल्या दारात मेली तर बोल आपल्याला लागणार, तेव्हा ते पडेपर्यंत आईकडे राहू दे. म्हणून शनिवारी जावई मानसिंग बजाला आणि तिच्या लहानग्या पोरीला सोडून गेला.

रविवारी चरखा वाजला नाही. मला वाटलं, बाई आजारी पडली. डोकावलो, तर बजा भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेली आणि मथुराबाई नातीला कडेवर घेऊन दारात राखणीला उभी. बजा संध्याकाळी उठली, भाकरी खाल्ली आणि परत झोपली. सोमवारी तेच, मंगळवारी तेच. कारखान्याचा माणूस येऊन सूत परत घेऊन गेला. मथुराबाईनंच ते बाहेर आणून दिलं.

रोज सकाळी मात्र ती माझ्या ओट्याशी यायची. "कुटवर आलंय वो ते?"

मी समजलो, घाबरलीय. समुद्र किती, जमीन किती, त्यात सोलापूर केवढंसं, सगळा धडा शिकवून मोकळा झालो. "आपल्यावर नाही पडत, मथुराबाई."

"पडू द्या की. पन दमानं पडू द्या."

शहाणपणाचा मक्ता घेतलेल्या मला हे कळायला बुधवार उजाडला. त्याची अजून लाज वाटते.

गुरुवारी सकाळी रेडिओवर सांगितलं, स्कायलॅब पडली. काही तुकडे हिंदी महासागरात, काही ऑस्ट्रेलियात. कुणाला लागलं नाही. मी उत्साहाच्या भरात आवाज वाढवला. बोळात हसणं-खिदळणं सुरू झालं, कुणी साखर वाटली. मथुराबाई धावत आली.

"आवाज कमी करा, गुरुजी. पोरगी उटंल."

माळशिरसलाही रेडिओ होतेच. दुपारी मानसिंग हजर झाला. माणूस वाईट नव्हे. पोरीसाठी चिवड्याचा पुडा आणला होता. दाराशी जाऊन त्यानं आत पाहिलं आणि माझ्या ओट्यावर येऊन टेकला.

"निजलीय," तो म्हणाला. "दिवसाची?"

"पाच दिवस झोपतेय," मी जरा टोचूनच बोललो.

 तो खाली बघत म्हणाला, "आमच्यात ती कवा निजती, मला ठावंच न्हाय. मी आडवा होतो तवा ती भांड्यावर आसती. उटतो तवा गोठ्यात." मग म्हणाला, "उटवू नका. पाचची गाडी हाय."

जावयाशी समोरासमोर बोलायची मथुराबाईची रीत नव्हती. पदर सावरत ती माझ्याजवळ आली.

"गुरुजी, येवढं मोठं आभाळ. आनि काय न्हाय व्हय वर, पडण्याजोगं?"

"आहे की. कितीतरी यंत्रं फिरतायत. एकेक करून पडतीलच."

"मग तेवढं त्यास्नी सांगा की."

मी सांगितलं. रशियाची सांगितली, अमेरिकेची सांगितली, आपल्या आर्यभटालासुद्धा सोडलं नाही. मानसिंगनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"रेडिओवर सांगितलं की धाडतो," तो म्हणाला.