बाईंच्या विहिरीतलं कासव

बाई भेटल्या की नमस्कार-चमत्कार काही नाही, आधी दंड धरायच्या. अंगठा आणि मधलं बोट दंडाभोवती फिरवायचं, जरासं दाबायचं आणि निकाल द्यायचा, "भरला नाई अजून." मी चामोर्शीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रुजू झालो आणि त्यांच्या घराची पुढची खोली भाड्यानं घ्यायला गेलो, तेव्हा डिपॉझिटची गोष्ट निघायच्या आधी माझा दंड मोजून झाला होता.

सगळी नोकरी त्यांनी अंगणवाडीत काढली होती. लाल-पिवळी-हिरवी पट्टी लेकरांच्या दंडाला लावून कोण कुपोषित ते ठरवायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर पट्टी सरकारजमा झाली, सवय मात्र बोटांत राहिली. बाजारात वांगी विकणारी असो, मुलाचे साहेब असोत, ग्रामपंचायतीचा सदस्य असो, कुणाचीही सुटका नव्हती. आपल्याकडे असं माणूस गल्लीत एखादं तरी असतंच, ज्याला टाळायला आपण दुसऱ्या वाटेनं जातो आणि दोन दिवस दिसलं नाही तर चौकशी करतो. बाई त्यातल्या.

भांडायलाही पक्क्या होत्या. पोषण आहाराच्या डाळीत खडे निघाले म्हणून त्यांनी एकदा ती डाळ शिजवून थेट साहेबांच्या टेबलावर वाढली होती, असं लोक सांगत. मी खरं-खोटं विचारलं तर म्हणाल्या, "जेवले नाई ना ते. मंग लेकराईनं काऊन जेवावं?"

पण न जेवणाऱ्या लेकरापुढे याच बाई एकदम मऊ व्हायच्या. कुणी आई पोराचं नाक दाबून घास कोंबताना दिसली, की तिचा हात धरायच्या. "कोंबू नोको. कोंबलं का लेकरू अन्नाले भेते. अन् टक लावून समोर बसू नोको. ठेव अन् आपलं काम कर." गल्लीतल्या दोन पिढ्यांच्या आया हा सल्ला ऐकून कंटाळल्या होत्या.

आता कासवाची गोष्ट.

बाईंचा एक भाचा ट्रकवर होता. आंध्राकडून येताना रस्त्यात सापडलं म्हणून त्यानं कासवाचं एक पिल्लू डब्यात घालून आणलं. अर्ध्या लिंबाएवढं, काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या. मार्कंड्याच्या देवळात दगडाचं कासव असतं, तसं घरात असलं की बरकत येते, असं त्याचं म्हणणं. बाईंचं घर बौद्ध. बरकत-बिरकत ऐकून त्यांनी भाच्याला झाडलं. पण कासव ठेवून घेतलं. कारण त्यांच्या बापाच्या विहिरीत कासव होतं. आपल्या भागात विहिरीत कासव सोडायची पद्धत आहेच, ते पाणी स्वच्छ ठेवतं म्हणून. बाईंच्या मते ही श्रद्धा नव्हे, हा जलशुद्धीकरणाचा विषय होता. भाचा गेल्यावर त्यांनी ते पिल्लू बादलीत ठेवलं आणि परसातल्या विहिरीत अलगद सोडलं.

मी दाढी करत होतो. "डॉक्टर! बुडून राह्यलं, डॉक्टर!" अशी हाक आली तेव्हा मला वाटलं, कुणाचं तरी मूल पडलं. अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून मी धावलो. बाई विहिरीच्या काठावर वाकून बादली खाली-वर करत होत्या आणि पिल्लू पाण्याखाली दिसत होतं, पाय झाडत. शेवटी बादलीत आलं ते मान लोंबकळत. मी त्याला डोकं खाली करून धरलं, पुढचे पाय हळूहळू ओढले-सोडले, तोंडातून पाणी गळलं. बऱ्याच वेळानं मान जरा आत ओढली गेली. जिवंत होतं.

"हे जमिनीवरचं कासव आहे, बाई," मी म्हणालो. "पाय बघा, हत्तीसारखे. बोटांत पडदा नाही. याला पोहता येत नाही."

"कासवाले पोहता येत नाई?" बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "मंग हे कोणतं कासव झालं?"

मी गाई-म्हशी-बकऱ्यांचा डॉक्टर. आधी वनविभागाला कळवलं, कारण असलं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे. वनपाल आले, रीतसर नोंद केली, भाच्याची चौकशी केली. चंद्रपूरच्या वन्यप्राणी उपचार केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना मी फोन लावला. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, छातीत पाणी गेलंय, बाहेर थंडी आहे, या अवस्थेत प्रवास नको. तुम्हीच उपचार करा, मी सांगते. शिवाय त्यांची गाडी वाघाच्या मागे गेली होती. आपल्या जिल्ह्यांत वाघापुढे कासवाचा नंबर लागायला वेळ लागतोच.

तर इंजेक्शन सुरू झालं. सकाळी बशीभर कोमट पाण्यात बसवायचं, मग पुसून उन्हात, रात्री खोक्यात बल्ब. भोपळ्याचा पाला, तरोटा, जास्वंदीची फुलं बारीक करून पुढे ठेवायची. पिल्लू श्वास घेत होतं, डोळे उघडत होतं, पण पाल्याला तोंड लावत नव्हतं. तोंडाशी पान नेलं तर मान आत. दिवस जात होते आणि ते हातात कागदासारखं हलकं लागायला लागलं.

शेवटी नळीनं भरवायचं ठरलं. पाल्याचं गाळलेलं पाणी, बारीक नळी, घशाखाली थेंब-थेंब. मी नळी धरणार, बाईंनी डोकं मागून दोन बोटांत पकडायचं. त्यांनी पकडलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"हे कोंबणंच झालं, डॉक्टर."

"नाही भरवलं तर मरेल, बाई."

"म्हणून तं धरून राह्यली."

हात मात्र जराही हलला नाही.

त्या दिवसांत बाईंनी कुणाचा दंड धरला नाही. दिवसभर खोक्यापुढे पाटावर बसायच्या. अंगणातून जाता-येता मी "खाईल हो" म्हणायचो, त्या मान वर करायच्या नाहीत. एकदा एवढंच म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्याच्या लेकराले जेवू घातलं, अन् याच्या तोंडचा घास मीच काढला."

मग एका सकाळी त्यांची सून दवाखान्यात आली. ही सून इतकी कमी बोलायची की पहिले सहा महिने मला ती मुकी वाटली होती. दारात उभी राहून म्हणाली, "आई जेवून नाई राह्यल्या. चहावर आहेत. अन् साखरेची गोळी घेतच आहेत." बाईंना मधुमेह होता. रिकाम्या पोटी ती गोळी म्हणजे चक्कर येऊन पडायचं काम.

मी तसाच घरी गेलो. चिडलोच होतो. "बाई, हा काय उपास लावलाय?"

"उपास नाई धरला," त्या शांतपणे म्हणाल्या. "उपासतापास आमच्यात नाई. मी फक्त जेवून नाई राह्यली."

मी गोळ्यांचं समजावलं, ग्लुकोजचा पुडा काढला, त्यांच्या मुलाला फोन करीन म्हणालो. त्या खोक्याकडेच बघत होत्या. तेवढ्यात मागून सून म्हणाली, "आई, त्याच्याकडं पाहू नोका."

"काय?"

"तुमीच तं साऱ्याईले सांगत होत्या. टक लावून बसू नोका म्हून. दिवसभर तुमी त्याच्या डोक्यावर बसून राह्यता. कसं खाईन ते?"

सासूला असं बोलून ती स्वतःच घाबरली आणि पदर सावरत उभी राहिली. मला वाटलं, आता भडका उडणार. बाईंनी सुनेकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. खोकं उचलून अंगणात नेलं, पिल्लू उन्हात मातीवर ठेवलं, चार जास्वंदी आणि पाला शेजारी टाकला, सुपात तांदूळ घेतले आणि त्याच्याकडे पाठ करून निवडायला बसल्या.

लोकांना वाटतं पाठ करणं सोपं असतं. ती पाठ मी ओट्यावरून बघत होतो. एकेक खडा त्या दोनदा निवडत होत्या, निवडलेला पुन्हा सुपात पडत होता. मध्येच मान अर्धी वळायची आणि परत सरळ व्हायची. सून चुलीशी गेली, परत आली, पुन्हा गेली. अंगणातलं ऊन पायरीपर्यंत सरकलं. दवाखान्यात जायला मला उशीर होत होता, पण मी हललो नाही. खरं सांगायचं तर मला जाववेना.

"डॉक्टर," बाई हळूच म्हणाल्या, "पाह्यता काय जरा? मी नाई पाहत."

मी लांबूनच वाकून पाहिलं. पिल्लानं मान पूर्ण बाहेर काढली होती. एका फुलाची पाकळी त्याच्या तोंडात अर्धी होती, अर्धी बाहेर, आणि ते पुढच्या पायानं ती दाबून ओढत होतं. तोंड लालभडक झालं होतं.

"खातंय, बाई."

मला वाटलं त्या झटकन वळतील. त्या वळल्या नाहीत. सुपातले हात थांबले, डोळे तांदळावरच.

"संपू द्या त्याचं," म्हणाल्या.

त्यानंतर त्या आत गेल्या आणि चुलीजवळ उभ्या-उभ्याच रात्रीचा भात वरण घालून जेवल्या. सुनेनं न विचारता आणखी वाढला, त्यांनी तोही संपवला. डॉक्टर म्हणून मला विचाराल तर मी म्हणेन, इंजेक्शन लागू पडलं, ऊनही चांगलं होतं. पण त्या दिवशी दवाखान्यात मी आलेल्या प्रत्येक बकरीवाल्याला ही गोष्ट सांगितली.

पुढे पिल्लू सावरलं आणि थंडी सरल्यावर चंद्रपूरची गाडी त्याला न्यायला आली. बाईंनी नेणाऱ्या माणसाची उलटतपासणी घेतली. मग डब्यावर वाकल्या आणि, इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं ते बोलल्या, "माफ कर बापा. मले वाटलं तुले पोहता येते."

पुढच्या पावसाळ्यात बाई गेल्या. ताप आला, गडचिरोलीला नेलं, तिथेच गेल्या. मला तोवर एटापल्लीला बदलीवर पाठवलं होतं. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

गेल्या महिन्यात चंद्रपूरहून त्याच डॉक्टरीणबाईंचा फोन आला. चांदणी कासव चांगलं वाढलंय, आता जप्त केलेल्या इतर कासवांबरोबर त्याला दक्षिणेतल्या त्याच्या जंगलाकडे पाठवणार आहेत. मी आनंदानं बाईंच्या सुनेला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "आई असत्या तं एकच इचारलं असतं. एवढ्या लांबच्या रस्त्यात त्याले खायले काय देऊन राह्यले?"

मी विचारलंच नव्हतं. चंद्रपूरला परत फोन लावला आणि विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या, म्हणाल्या, "अहो, त्याची सगळी सोय असते. तुम्हाला कशाला काळजी?"

"मला नाही," मी म्हणालो. "पण तरी सांगा. काय देणार?"