समुद्राचं शेवाळ

शेवाळ म्हटलं की आम्हा लोहा तालुक्याकडच्यांना विहिरीतलंच आठवतं. उन्हाळ्यात विहीर उपसली की तो चिकट हिरवा लगदा मिरचीच्या बुडाशी टाकायचा, ही आमची रीत. म्हणून कोकणात नोकरीला असलेल्या माझ्या भावानं किनाऱ्यावर वाहून आलेलं समुद्राचं शेवाळ पोत्यांत भरून टेम्पोतून आणलं, तेव्हा आमच्या ह्यांनी काही विचारलंच नाही. "शेवाळच हाय की," म्हणाले आणि नुकत्याच लावलेल्या हळदीच्या सऱ्यांवर सगळी पोती रिकामी करून पाणी सोडून मोकळे झाले.

दुपारी सासूबाई भाकरी घेऊन आल्या. शेतात नवीन काही आलं की त्या आधी जिभेला लावून बघतात. एक तुकडा उचलला, चाखला आणि थुंकल्या.

"माय गं, मीठच हाय हे! रान चोपण करायलास का रे?"

चोपण शब्द ऐकला आणि माझी नजर खालच्या बांधाकडे गेली. आमच्या रानाखाली चुलत सासऱ्यांचा तुकडा चोपण होऊन पडलाय, वर पांढरी खपली, गवतसुद्धा धरत नाही. आमचं असं झालं तर पोरांनी खायचं काय? आणि हे खत माझ्या माहेरचं!

भावाला फोन लावला. "तिकडं आधी पावसात धुऊन घेतात म्हणे," तो म्हणाला. म्हणे! हे आधी सांगायला याची जीभ काय झडली होती?

आम्ही तिघांनी हातांनी शेवाळ वेचून बांधावर काढलं. ह्यांना वाटे भरपूर पाणी दिलं की मीठ खाली जाईल. सासूबाई म्हणत, "न्हाई, ते वर येतंय." कोण बरोबर, कुणालाच ठाऊक नव्हतं. रोज सकाळी त्या चिमूटभर माती जिभेवर ठेवायच्या आणि पुढच्या सरीकडे जायच्या.

एका सकाळी कोंब दिसले. "आलं गं माय," म्हणत सासूबाई बांधावर मटकन बसल्या. हे हसले. मीही हसले.

दोघं घराकडे वळल्यावर मी कोंबाजवळची माती उचलून जिभेवर ठेवली. खारट लागली. तोंडावरून घाम गळत होता, त्याचाच खारटपणा असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि घरी कुणालाच काही सांगितलं नाही.